रेडिओ गप्प, बॅकअपही गप्प

२८ एप्रिल २०२५ची दुपार. अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळाकडे येणारी विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलर्ससमोरचे रडारचे पडदे अचानक काळे झाले. रेडिओही गेला. सगळा प्रकार जेमतेम दीड मिनिटाचा. पण उतरायला निघालेलं विमानसुद्धा मिनिटाला सात-आठ किलोमीटर सहज कापतं. काही कंट्रोलर्स नंतर मानसिक धक्क्यामुळे ४५ दिवसांच्या रजेवर गेले. माणसं मुळातच कमी, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस नेवार्कचं वेळापत्रक कोलमडलेलं होतं.

बिघाड विमानात नव्हता, जमिनीवरच्या तारांमध्ये होता. हे कंट्रोलर्स नेवार्कला बसतच नाहीत. २०२४च्या जुलैमध्ये त्यांचं काम न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला हलवलं, पण रडारची माहिती न्यूयॉर्कहूनच लाइनवरून यायची. त्या लाइनमध्ये जुन्या तांब्याच्या ताराही होत्या. मुख्य लाइन पडली आणि बॅकअप वेळेवर सुरूच झाला नाही, असं खुद्द अमेरिकेचे वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी सांगितलं. ९ मेच्या पहाटे रडारचे पडदे पुन्हा दीड मिनिट काळे झाले!

मुख्य यंत्रणा कधीतरी बिघडणारच, हे कुठल्याही इंजिनीअरला ठाऊक असतं. मग बॅकअप का झोपतो?

त्यासाठी १४ सप्टेंबर २००४चं लॉस एंजेलिस बघायला हवं. तिथल्या कंट्रोल सेंटरची आवाजाची यंत्रणा तीन तासांहून जास्त वेळ बंद पडली होती. कारण ऐकून कॉम्प्युटरवाल्यांना हसावं की रडावं कळणार नाही. यंत्रणेत मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर होता. तो ४९.७ दिवसांत भरतो. भरला की यंत्रणा बंद! हे आधीच माहीत होतं. त्यावरचा उपाय काय, तर दर ३० दिवसांनी कुणीतरी यंत्रणा रीस्टार्ट करायची. त्या वेळी ते राहून गेलं. बॅकअप चालू झाला आणि लगेच तोही पडला. कंट्रोलर्सनी स्वतःच्या मोबाइलवरून शेजारच्या सेंटरना फोन केले. किमान पाच वेळा विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आली. टक्कर झाली नाही, कारण विमानांमध्ये टक्कर टाळणारी स्वतःची यंत्रणा असते.

चौकशीत ठपका ‘मानवी चुकी’वर आला. मला हे अर्धवट वाटतं. टेक्निशियन विसरला, मान्य. पण माणसाच्या आठवणीवर शेकडो विमानं सोडायची, हा निर्णय त्याचा नव्हता. सॉफ्टवेअरमधला दोष दुरुस्त करण्यापेक्षा ड्युटी चार्टवर एक ओळ वाढवणं स्वस्त पडतं, एवढंच.

आपल्याकडे ७ नोव्हेंबर २०२५ला दिल्लीत रेडिओ शाबूत होता. फ्लाइट प्लॅन कंट्रोलर्सपर्यंत पोचवणारी संदेशयंत्रणा बंद पडली. मग ते प्लॅन हाताने तयार करायचं काम सुरू झालं. ८००हून जास्त विमानं उशिरा सुटली किंवा पोचली, प्रवासी वैतागले. पण कंट्रोलर्सनी वेग मुद्दाम कमी केला होता. दोन विमानांमधलं अंतर राखायचं तर त्या दिवशी दुसरा मार्गच नव्हता.