बेसिनचं राजकारण

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत सिंकवर एक कागद चिकटवलेला आहे. गेल्या चार वर्षांत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पहिली इंग्रजीत होती. मग मराठीत आली, "कृपया आपला कप आपण धुवावा". तिसरी लॅमिनेट केलेली, खाली हात जोडलेल्या बाईचं चित्र. (बाईचंच का, हे विचारू नका. विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही.) कप तसेच आहेत. दुपारी चार वाजता सिंकमध्ये तेरा-चौदा कप, तळाशी चहाची साय धरलेली, एकात बिस्किटाचा लगदा, एकात टी-बॅग मरून पडलेली.

रोज सगळे निवडणूक, युती, आघाडी ह्यावर लिहितात. मी आज बेसिनवर लिहिणार आहे. तेही राजकारणच आहे, फक्त त्याच्यावर टीव्हीवर चर्चा होत नाही.

आधी माझ्या खोडी सांगून टाकते, म्हणजे कुणी नंतर आठवण करून द्यायला नको. मी स्वतःचा स्टीलचा पेला, स्वतःचा चमचा आणि हात पुसायचा पंचा घेऊन ऑफिसला जाते. वॉशरूमचा नळ कोपराने बंद करते. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा झाला तर आधी तो उलटा करून आपटते. त्यातून जे पडतं त्यात चिवड्याचे शेंगदाणे असतात, पोहे असतात, आणि एकदा अख्खं बोटाचं नख होतं. जागेवर बसून नखं कापणारी माणसं आपल्यात आहेत, आणि ती पदवीधर आहेत.

मी अकाउंट्सला आहे. आमच्याकडे कागद फार. त्यामुळे बोटाला थुंकी लावून व्हाउचर उलटणं हा आमच्या खात्याचा जुना आजार. टेबलावर ओल्या स्पंजची डबी ठेवलेली असते, दहा-वीस रुपयांना मिळते, ती कोरडी ठाक. कोरोनाच्या दोन वर्षांत हे बंद झालं होतं. तेव्हा वाटलं, चला, एवढा तरी फायदा. आता पुन्हा सुरू. तेच बोट, तीच जीभ, आणि तीच फाईल सहीसाठी माझ्यासमोर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. मायक्रोवेव्हमधून कुणाच्या डब्याचा कसला वास येतो, ही माझी तक्रार नाही. आमच्याकडे एकदा ह्यावरून "व्हेज-नॉनव्हेज वेगळे मायक्रोवेव्ह" अशी टूम निघाली होती. सुकटीचा वास म्हणजे घाण नव्हे. भाजी उडून आत छताला चिकटली आणि ती तशीच ठेवून माणूस निघून गेला, ही घाण. मग ती भाजी पनीरची का असेना. आपल्याकडे ह्या दोन गोष्टींची गल्लत फार होते, आणि ती नकळत होते असं मला वाटत नाही.

ह्याचं मूळ घरात आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. स्वच्छतेच्या बाबतीत कडक माणूस. ड्युटीवरून आले की दारातल्या बादलीतल्या पाण्याने पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. खाकी शर्ट बाहेरच्या खुंटीला. तांब्याला तोंड लावायचं नाही, पाणी वरूनच प्यायचं. नोटांना थुंकी लावायची नाही. शेजारचे लोक त्यांचं उदाहरण द्यायचे. पण ती दारातली बादली भरून कोण ठेवायचं? आई. खाकी शर्टाची कॉलर घासायचं कोण? आई. जेवण झालं की अप्पा ताटात हात धुवायचे आणि उठायचे. ते ताट उचलून, खरकटं काढून, जमीन पुसून घेणारी आई. अप्पांची स्वच्छता आई करायची. अप्पा गेल्यावर एकदा मी हे बोलून दाखवलं, तर आईच माझ्यावर चिडली. "अगं, त्यांनी ताट उचललेलं मला आवडलं असतं होय?"

सासरचा मामला वेगळा. सासूबाईंचा देवाच्या पाण्याचा तांब्याचा कलश आहे, त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आंघोळीशिवाय गॅस पेटवायचा नाही. ठीक आहे, त्यांची श्रद्धा. पण त्यांच्या ओट्यावरचं फडकं! त्याच फडक्याने ओटा, त्यानेच ताटं, त्यानेच गरम पातेलं उतरवायचं, आणि सांडलं तर त्यानेच खालची फरशी. मी ते धुवायला टाकलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर हजर. सोवळं वेगळं आणि स्वच्छता वेगळी. सोवळ्यात "कुणी" हात लावला हे बघतात, हात धुतले होते का हे नाही.

माझा मुलगा आठवीत आहे. पाचवीपासून त्याचं ताट तो घासतो. सुरुवातीला सासूबाई रोज मधे पडायच्या. "अगं मुलगा आहे तो, मी आहे ना घरात." मी म्हटलं, "आई, तुम्ही आहात म्हणूनच त्याला शिकवतेय. उद्या त्याच्या ऑफिसात तुम्ही नसणार." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. आता "आजी, तुझं पण दे" म्हणून तोच त्यांचं ताट घेऊन जातो आणि त्या शेजारणीला कौतुकाने सांगतात. नवऱ्याचं विचारू नका. त्याच्यावर संस्कार माझ्या आधी झाले होते. तरी आता कप सिंकपर्यंत पोचतो, सिंकच्या आत काही अजून जात नाही.

सिंकमधल्या तेरा-चौदा कपांमागे अशी तेरा-चौदा घरं आहेत. ऑफिसात आई नसते, म्हणून तिथे मावशी ठेवलेल्या असतात. नाव कुणी विचारत नाही, "मावशी" म्हटलं की झालं. मावशी, काका, दादा... नात्याचे शब्द आपल्याकडे फुकट मिळतात. आमच्या मावशी एजन्सीमार्फत येतात, म्हणजे त्यांना कामावर ठेवणारे आम्ही नाही आणि काढणारेही आम्ही नाही, असं कागदावर. सकाळी साडेसातला येतात, दोन मजले आणि चार संडास. वर्षभरात हातमोजे दोनदा आले. ब्रशचे दात झिजून सपाट झालेत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. पॅन्ट्रीत वरच्या कप्प्यात पांढरे कप आहेत, स्टाफचे. सिंकच्या खाली, फिनेलच्या बाटलीशेजारी, कान तुटलेला एक कप आहे. तो मावशींचा. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. कुणी सर्क्युलर काढलेलं नाही, कुणी तोंडाने सांगितलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे. नवीन आलेल्या पोराला आठ दिवसांत कळतं. जे सगळ्यांचे कप धुतात त्या हातांना वरचा कप चालत नाही. मी एचआरला विचारलं तर म्हणाले, "त्यांनाच तसं बरं वाटतं, मॅडम." मावशींना म्हटलं, वरचा घ्या की. तर म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, उगाच बोलणी. माझं काम जाईल."

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, १९५५ साली त्यासाठी कायदाही आला. पण सिंकखालचा कप कुठल्या कलमात बसवायचा? विचारलं की तो "सवयीचा" असतो, "सोयीचा" असतो, "त्यांचाच हट्ट" असतो. लॅमिनेट केलेल्या सूचनेपेक्षा न लिहिलेली सूचना जास्त पाळली जाते, हे मी रोज बघतेय.

बरं, कायदे नाहीत असंही नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पिण्याचं पाणी, संडास, मुताऱ्या, एवढंच काय, थुंकायच्या पिकदाण्यांसाठीसुद्धा स्वतंत्र कलम होतं. पिकदाणी सोडून भलतीकडे थुंकलं तर दंड जास्तीत जास्त पाच रुपये! बायकांसाठी वेगळे, बंदिस्त, उजेड आणि हवा असलेले संडास असले पाहिजेत हेही त्यात लिहिलेलं होतं. आमचं ऑफिस फॅक्टरी नाही, म्हणून आम्हाला दुकाने आणि आस्थापना कायदा. महाराष्ट्राचा तो नवा कायदा २०१७ साली आला, त्यातही स्वच्छता, पाणी आणि स्वच्छतागृहं ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. सरकारी कचेऱ्यांचं तर बोलायलाच नको. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. गणपती, साईबाबा, शेजारी येशू आणि मक्का. देवांना पिचकाऱ्या अडवायच्या ड्युटीवर बसवलंय. पुढच्याच भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो. त्या माणसाने आयुष्यभर आधी गाव झाडलं आणि मग रात्री कीर्तन केलं. आम्ही २००० साली त्यांच्या नावाने अभियान काढलं, बक्षिसं ठेवली, झाडू मात्र दुसऱ्याच्या हातात दिला.

आमच्या मजल्यावर आम्ही अकरा बायका. संडास एक. त्याची आतली कडी जूनमध्ये तुटली. तेव्हापासून आत जायचं तर बाहेर कुणीतरी उभं राहायचं, नाहीतर आतून पायाने दार दाबून धरायचं. गरोदर असलेली एक मुलगी आहे आमच्यात, तिनेही हेच केलं. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा कडीचं काय घेऊन बसली. ज्या बाईला जाताना जोडीदारीण शोधावी लागते ती पाणी पिणं कमी करते. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी. आमच्यातल्या दोघींना लघवीचं इन्फेक्शन झालं, एकीला परत परत. मुंबईत २०११ पासून बायकांनी "राईट टू पी" ची मोहीम चालवली ती सार्वजनिक मुताऱ्यांसाठी. रस्त्यावर सोय नाही हे लोकांना निदान दिसतं तरी. एसी ऑफिसातली बाई काचेच्या दाराआड असते, तिला काय कमी, असं वाटतं.

अॅडमिनला आम्ही तीनदा तोंडी सांगितलं. "प्रपोजल वर गेलंय." कडीचं प्रपोजल! त्याच तीन महिन्यांत रिसेप्शनच्या भिंतीला खोटं हिरवं गवत लावून त्यावर कंपनीचं नाव दिव्यांनी चमकवलं. ते प्रपोजल कुठल्या लिफ्टने वर गेलं देव जाणे.

शेवटी सप्टेंबरमध्ये आम्ही अकरा जणींनी कागदावर लिहून दिलं. सह्या केल्या, पोचपावती घेतली. एकीने सुचवलं होतं "विनंती" लिहू, मी म्हटलं "मागणी" लिहू. चौथ्या दिवशी सुतार आला, दहा मिनिटांत कडी बसली. मी मुद्दाम हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारलं, तसली कडी साठ रुपयांना मिळते.

आता दुसरं पत्र तयार आहे. त्यात झाकणाचा, पायाने उघडणारा डबा मागितला आहे, आणि पॅड गुंडाळायला कागदी पिशव्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत असा कचरा नीट गुंडाळून वेगळा द्यायचा असं सांगितलं होतं, आमच्याकडे तो उघड्या बादलीत जातो आणि मावशी तो हाताने उचलतात. शिवाय हातमोजे दर महिन्याला, आणि पॅन्ट्रीत सगळ्यांना एकसारखे कप, ह्या दोन ओळी मी त्यात घातल्या आहेत. कपाच्या ओळीवर दोघी जणी थबकल्या. एक म्हणाली, "हे वेगळं पत्र करू या का?" अर्धा तास वाद झाला. ओळ राहिली, सह्या नऊ झाल्या. पुरुषांपैकी दोघांनी आपण होऊन सही केली, म्हणजे पुन्हा अकरा.

मावशींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हातमोजे मोठ्या मापाचे लिहा. मागच्या वेळी पोरींच्या मापाचे आलेले." तेवढी दुरुस्ती केली आहे. पत्र सोमवारी देणार.