गाडी जुनी होती, पण दुकानात सगळ्यांना ती नवीनच दिसली



आजचा विषय थोडा पर्सनल आहे. व्हिडिओत दहा मिनिटांत तो नीट मांडता आला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात, "सर, धंदा बरा चाललाय, एक चांगली गाडी घ्यायची इच्छा आहे. नवीन घेऊ की सेकंड हँड लक्झरी घेऊ?" प्रश्न गाडीचा असतो. मी आज उत्तर देणार आहे ते गाडी दुकानासमोर लावल्यावर काय होतं त्याचं. कारण हा हिशोब कुठलाच डीलर सांगत नाही.

माझं कोल्हापुरात इलेक्ट्रिकल साहित्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी बीबीए झाल्यावर बसायला लागलो. वायर, एमसीबी, स्विच, फॅन, एलईडी, पाइप. गिऱ्हाईक म्हणजे वायरमन, छोटे कॉन्ट्रॅक्टर आणि घर बांधणारी माणसं. दुकानात पाच जण कामाला.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी पुण्याहून एक जर्मन सेडान आणली. २०१६ चं मॉडेल, डिझेल, ६२ हजार किलोमीटर चाललेली. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव घेतलं की चर्चा गाडीवरच घसरते. किंमत साडेतेरा लाख. पाच लाख माझ्या बचतीतले, साडेआठ लाखांचं लोन, पाच वर्षांसाठी, हप्ता साधारण १९,३००. आज एखाद्या मध्यम एसयूव्हीचं टॉप मॉडेल नवीन घ्यायला गेलात तर यापेक्षा जास्त पैसे जातात. म्हणजे कागदावर मी शहाणपणाच केला होता. पहिल्या मालकानं घसारा सोसला, मी मजा घेतली.

पण बोनेटवरचा लोगो बघणाऱ्या माणसाला साडेतेरा लाख दिसत नाहीत. त्याला पन्नास लाख दिसतात.

पहिला आठवडा

गाडी दुकानासमोर आली तेव्हा पोरांनी हार आणला, चाकाखाली लिंबू ठेवलं. काउंटरवरचे काका, जे वडिलांच्या काळापासून बावीस वर्षं आमच्याकडे आहेत, त्यांनी नारळ फोडला. पेढे वाटले. शेजारचे दुकानदार आले, "नाद खुळा मालक!" म्हणून गेले. मी खुश.

मग हळूहळू वाक्यं यायला लागली. हसत हसत यायची, पण सगळ्यांचा रोख एकाच बाजूला.

एक जुना वायरमन: "मालक, रेटचं जरा बघा की. आमच्याच पैशावर फिरतीय ती."

डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन: "मागचं पेमेंट आजच करून टाका की. आता तुम्हाला क्रेडिट कशाला लागतंय?"

आणि ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे माझे एक लाख ऐंशी हजार चार महिन्यांपासून अडकले होते, तो फोनवर म्हणाला: "एवढी काय घाई लावलीय? तुम्हाला काय कमी आहे आता?"

लक्षात आलं का? ज्याला मी पैसे देणं लागतो तो लवकर मागायला लागला. जो मला देणं लागतो तो उशीर करायला लागला. गल्ल्यात एक रुपया वाढला नव्हता, उलट हप्ता सुरू झाला होता, आणि कॅश फ्लो दोन्ही बाजूंनी आवळला गेला. दुकानदारासाठी लक्झरी गाडीची ही खरी रनिंग कॉस्ट आहे.

फायदा झालाच नाही का?

झाला, खोटं कशाला बोलू. बिल्डरच्या साइटवर वॉचमन आधी "कुठं जायचंय?" विचारायचा, आता गेट आधी उघडतो. बँकेत चहा विचारतात. सिग्नलला मागचा हॉर्न कमी वाजवतो. हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी हाच प्रयोग केला होता, तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरवा सिग्नल लागल्यावर कधी भारी गाडी मुद्दाम थांबवून ठेवायची, कधी जुनी-साधी. साध्या गाडीमागचे लोक लवकर हॉर्न मारायचे, भारी गाडीमागचे दम धरायचे. म्हणजे माणूस गाडी बघून वागतो हे खरंच आहे.

पण ऑर्डर गाडीमुळे मिळाली का? नाही. गेट लवकर उघडलं, आत गेल्यावर रेट तोच मागितला. म्हणून "आधी मोठं दिसा, मग मोठे व्हाल" असं शिकवणाऱ्यांशी माझं पटत नाही. दिसण्यानं दार उघडतं, पण आत गेल्यावर तुमचं कोटेशन आणि वेळेवर दिलेला मालच बोलतो.

काकांचं वाक्य

आता मुख्य गोष्ट. हे लिहायला मला थोडं जड जातंय.

त्याच वर्षी मार्चमध्ये मी पाचही जणांना बसवून सांगितलं होतं की यंदा उधारी अडकली आहे, मार्केट मंद आहे, पगारवाढ दिवाळीनंतर बघू. सगळ्यांनी मान डोलावली. कुणी एक शब्द बोललं नाही.

जूनमध्ये गाडी आली.

जुलैत एका संध्याकाळी शटर अर्धं खाली घेतल्यावर काका थांबले. म्हणाले, "मालक, जरा बोलायचं होतं. दुसऱ्या एका दुकानात बोलावलंय मला. तीन हजार जास्त देतायत."

मी चमकलो. दुकानातला कुठला माल कुठल्या रॅकला आहे, कुठला वायरमन कुठल्या साइटवर आहे, कोणाची उधारी बुडणार आणि कोणाची येणार, हे या माणसाच्या डोक्यात आहे. मी थेट विचारलं, "काका, गाडीमुळे का?"

ते म्हणाले, "नाही मालक. गाडी तुमची, तुमच्या कष्टाची. पण मार्चमध्ये तुम्ही म्हणालात पैसे अडकलेत. मी घरी बायकोला तेच सांगितलं. आता तिनं तुमची गाडी बघितली. तिला मी काय सांगू?"

माझ्याकडे उत्तरं होती. पाच लाख माझी पर्सनल बचत होती, दुकानाचे पैसे नव्हते. गाडी जुनी आहे, तुम्हाला वाटते तेवढी महाग नाही. उधारी खरंच अडकली आहे. सगळं खरं होतं. एकही उत्तर तोंडातून निघालं नाही.

त्या रात्री मी कागद घेतला. पाचही जणांची जी वाढ मी पुढे ढकलली होती, ती सगळी मिळून महिन्याला साडेअकरा हजार होत होती. गाडीचा हप्ता १९,३००. आणि हप्ता जातो कुठून? मी दुकानातून जी रक्कम घरखर्चाला उचलतो, त्यातूनच. प्रोप्रायटरशिपमध्ये "माझे पैसे" आणि "दुकानाचे पैसे" ही दोन खाती असतात, ती असावीतच, मी तुम्हाला दर वर्कशॉपला तेच शिकवतो. पण दोन्ही खात्यांत पाणी एकाच विहिरीतून येतं, हे माझ्या काउंटरवरच्या माणसाला बीबीए न करता कळत होतं.

म्हणजे पैसे नव्हते हे खरं नव्हतं. पैसे होते, मी त्यांचा क्रम ठरवला होता. आणि त्या क्रमात काका गाडीच्या मागे होते.

दुसऱ्या दिवशी पाचही जणांना एकत्र बोलावलं. गाडी किती वर्षांची, कितीला घेतली, हप्ता किती, सगळं सांगितलं. आणि म्हणालो, "मार्चमध्ये मी चुकलो." वाढ एप्रिलपासून लागू केली, तीन महिन्यांचा फरक ३४,५०० रुपये त्याच आठवड्यात दिला. तो द्यायला मला त्या महिन्यात घरातून पैसे आणावे लागले. ते बरोबरच झालं.

काका आहेत अजून. पण पूर्वी मी "बघू" म्हटलं की मान डोलवायचे. आता विचारतात, "कोणत्या तारखेला?" हा बदल कायमचा आहे आणि तो मी कमावलाय.

मत्सर वेगळा, हिशोब वेगळा

तुम्ही म्हणाल, लोक बोलणारच, त्यांच्याकडे का बघायचं? अर्धं बरोबर आहे. म्हणून प्रतिक्रिया तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग कुतूहलाचा: "ॲव्हरेज किती देते? सनरूफ उघडतं का?" अशांना एक चक्कर मारून आणा, विषय संपतो. दुसरा मत्सराचा: नातेवाईक, शेजारचा दुकानदार, "बघू किती दिवस टिकते." याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष.

तिसरा ढीग हिशोबाचा. ज्याचा पैसा किंवा शब्द तुमच्याकडे बाकी आहे, तो माणूस तुमच्या गाडीकडे बघून मनात आकडेमोड करतो. त्याला जळकुटा म्हणू नका. त्याचा तो हक्क आहे. आपली चूक अशी होते की तिसऱ्या ढिगातल्या माणसाला आपण दुसऱ्या ढिगात टाकतो आणि "लोकांना बघवत नाही" म्हणून मोकळे होतो.

काही मित्र यावर उपाय काढतात. गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात आणि दुकानात चालत येतात. मला हे पटत नाही. गाव केवढं आणि लपवणार काय? सॅम वॉल्टन यांचं उदाहरण मीही बऱ्याचदा देतो. वॉलमार्टचा हा संस्थापक एवढा श्रीमंत असूनही १९७९ चा फोर्ड पिकअप चालवायचा, आणि तो पिकअप आज बेंटनव्हिलच्या म्युझियममध्ये आहे. पण तो साधेपणा होता. लक्झरी गाडी घेऊन ती लपवणं हा साधेपणा नाही. जी गाडी दुकानासमोर लावायची लाज वाटते ती घ्यायची वेळ अजून आलेली नाही, इतकं सोपं गणित ठेवा.

घ्यायचीच असेल तर

घेऊ नका असं मी म्हणणार नाही. मी ती रोज चालवतो आणि आवडीनं चालवतो. फक्त हे बघा:

१. आधी देणी. पगारवाढ, सप्लायरचं पेमेंट, टॅक्स, आणि निदान तीन महिन्यांचा दुकानखर्च बाजूला. त्यानंतर गाडी.

२. दुरुस्तीचा फंड पहिल्या दिवशी. गाडीची किंमत जुनी झाली तरी पार्टची किंमत जुनी होत नाही. माझा पहिल्या वर्षाचा खर्च: विमा ३८ हजार, सर्व्हिस ४२ हजार, चार रन-फ्लॅट टायर ८४ हजार, पुढच्या सस्पेन्शनचं काम ५६ हजार. एकूण दोन लाख वीस हजार, डिझेल सोडून.

३. पाण्यातली गाडी ओळखा. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपल्या भागानं पाहिलाय. सीटखालचं कार्पेट उचला, सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाचा डाग बघा, रेलवरचा गंज बघा. सर्व्हिस हिस्ट्री आणि विम्याचे क्लेम तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

४. कागद. फॉर्म २९ आणि ३०, आधीचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, थकलेली चलनं. विमा तुमच्या नावावर लगेच करून घ्या. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

५. "दुकानाच्या नावावर घेतली की टॅक्समध्ये बसते" या वाक्यावर गाडी घेऊ नका. साध्या प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट आपल्यासारख्या दुकानदाराला मिळत नाही. इन्कम टॅक्समध्ये घसारा १५ टक्के, तोही धंद्यासाठी जेवढा वापर तेवढाच. पुढे विकताना त्या गाडीवरच्या मार्जिनवर जीएसटी लागू शकतो. सीएला आधी विचारा, नंतर नाही.

६. दुकानातल्या माणसांना तुम्हीच सांगा. गाडी यायच्या आधी. जुनी आहे, एवढ्याला घेतोय, आणि तुमची वाढ अमुक तारखेला आहे. हे दोन मिनिटांचं बोलणं मी जूनमध्ये केलं असतं, तर जुलैतली ती संध्याकाळ आली नसती.

या आठवड्याचा घरचा अभ्यास

आज दुकान बंद केल्यावर एक कोरा कागद घ्या. गेल्या वर्षभरात तुम्ही कोणाकोणाला "बघू", "पुढच्या महिन्यात", "दिवाळीनंतर" म्हणालात ती नावं लिहा. कामगार, सप्लायर, भाऊ, कोणीही. प्रत्येक नावापुढे रक्कम आणि तारीख टाका. ती यादी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका.

यादी संपली की मात्र बिनधास्त घ्या. नारळ फोडायला काउंटरवरच्या माणसालाच सांगा. तो हसत फोडेल, आणि घरी गेल्यावर त्याला कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, माणसं सांभाळा.