ख्रिस्ती शेजारी आणि आपण

भाईंदरहून पश्चिमेस समुद्राकडे निघाले की डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही ख्रिस्ती वस्तीची गावे लागतात. येथील बांधवांच्या पूर्वजांनी पोर्तुगीज अमलात धर्म बदलला. १७३९ साली वसई पडली, पोर्तुगीज गेले. यांचा धर्म मात्र राहिला आणि मराठी बोलीही राहिली. धर्मांतराने माणूस परका होतो, असे आपणांस हिणविणाऱ्यांनी एकदा उत्तनला जाऊन यावे!

वाचकहो, मीरा-भाईंदरमध्ये राहावयास आलेल्या नवदीक्षित कुटुंबांना हा शेजार लाभला आहे. आजारपणात शेजारीण धावून येते. पुढे एके दिवशी प्रार्थनेचे बोलावणे येते. जावे की न जावे, असा प्रश्न आपणांस पडतो. परंतु त्याआधीचा प्रश्न असा की, परधर्मीय शेजाऱ्याशी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे?

त्याचे उत्तर येशूच्या दाखल्यातच आहे. वाटेत घायाळ पडलेल्या माणसास पाहून पुरोहित बाजूने निघून गेला. ज्यास यहुदी लोक तुच्छ लेखीत, त्या शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या. तुझा धर्म कोणता, हे त्याने विचारले नाही. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेनेही बौद्ध धर्माचा नामनिर्देश करून, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असे घोषित केले. तेव्हा सेवेच्या पाठोपाठ धर्मांतराची अपेक्षा ठेवणारा ख्रिस्ती मनुष्य स्वतःच्याच धर्माशी विसंगत वागतो, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे.

स्पष्ट बोलणे म्हणजे वैर नव्हे. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरास ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आपला आदर प्रकट केला, आणि दक्षिणेतील चर्चमध्ये पाळला जाणारा जातिभेदही त्यांच्या पदरात घातला.

आता आपली कसोटी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले; बौद्धांना १९९० पर्यंत झगडावे लागले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच आहे. आपल्या ताटातला घास कमी होईल, या भयाने आपणच त्याची वाट अडविणार काय? चौतीस वर्षे ज्या दाराबाहेर आपण तिष्ठत उभे होतो, तेच ते दार आहे.

प्रार्थनेचे बोलावणे नम्रपणे नाकारा, नाताळास मात्र अवश्य जा. आणि बुद्धपौर्णिमेस त्या शेजारणीला खिरीला बोलवा. वंदनेस बसण्याचा आग्रह धरू नका.