टाइल्स मोजा, बॉस!

भाड्याचं घर शोधताय? मग हा सीन ओळखीचा असणार. लंच टाइममध्ये फोनवर धडाधड फोटो येतात. हॉल असा, की आत बॉक्स क्रिकेट खेळावं. बेडरूमच्या खिडकीत नुसतं आभाळ. ओटा चकाचक. शनिवारची झोप मोडून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून तिथे पोचावं, तर हॉलमध्ये सोफा ठेवला की टीव्हीला जागा नाही! वर ब्रोकर शांतपणे म्हणतो, 'फोटो याच फ्लॅटचे आहेत, मॅडम.'

गंमत म्हणजे तो खरंच बोलत असतो. फोटो त्याच फ्लॅटचे असतात. फक्त वाइड अँगल लेन्सने काढलेले. फोनमध्ये ०.५ लिहिलेली जी लेन्स असते ना, तीच. या लेन्सचा फंडा सोपा आहे. कॅमेऱ्याजवळची वस्तू ती मोठी दाखवते आणि लांबची आणखी लांब ढकलते. त्यामुळे समोरची भिंत दहा फुटांवर असली तरी वीस फुटांवर वाटते. खोली कोपऱ्यात उभं राहून टिपली की कामच झालं.

पण ही चलाखी पकडता येते. फोटोच्या कडेला असलेल्या गोल वस्तू बघा. पंखा, वॉशिंग मशीनचं दार, भिंतीवरचं घड्याळ. ते अंड्यासारखं लांबुळकं झालं असेल, तर समजा लेन्सने हात मारलाय. मग सरळ फरशी मोजायला घ्या. हल्लीच्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच टाइल्स, म्हणजे दहा फूट. विषय संपला! लेन्स टाइल ताणू शकते, टाइल्सची संख्या वाढवू शकत नाही. जुन्या सोसायटीत लादी लहान असते, तेव्हा एक लादी केवढी ते आधी विचारा. फरशी दिसतच नसेल तर डबल बेड शोधा. तो साधारण साडेसहा फूट लांब असतो. त्याच्या पायथ्याशी कपाटाचं दार उघडेल का, एवढा अंदाज ऑफिसच्या खुर्चीत बसूनही येतो. आणि बाथरूमचा एकही फोटो नसेल तर... जाऊ दे, तुम्ही सुज्ञ आहात.

मग घराचा देखणा फोटो म्हणजे फसवणूकच का? छे! ज्यूलियस शुलमन या अमेरिकन फोटोग्राफरचा एक फोटो इंटरनेटवर नक्की बघा. १९६० सालचा, ब्लॅक अँड व्हाइट. लॉस एंजेलिसमध्ये डोंगराच्या कड्यावर पिएर कोनिग या आर्किटेक्टने बांधलेलं काचेचं घर, नाव 'केस स्टडी हाउस नंबर २२'. रात्रीची वेळ. काचेच्या खोलीत दोन मुली निवांत गप्पा मारतायत आणि पायाखाली अख्खं शहर लुकलुकतंय. भन्नाट!

आता या फोटोतली जमवाजमव ऐका. घराचं काम तेव्हा पूर्णही झालं नव्हतं. त्या मुली घरमालकाच्या कोणी नव्हत्या, फोटोसाठी बोलावलेल्या. शहराचे दिवे उमटावेत म्हणून शुलमनने कॅमेऱ्याचं शटर सात मिनिटांच्या आसपास उघडं ठेवलं. तोवर मुली अंधारात बसून. शेवटी फ्लॅश उडाला आणि त्या क्षणी त्या फोटोत आल्या. म्हणजे सगळं घडवून आणलेलं! पण घर जेवढं होतं तेवढंच दिसलं. खोलीचा एक फूटही वाढला नाही. माझ्या मते रेघ इथे आहे. उशी सरळ करा, कुंडी आणून ठेवा, दिवे लावा, चालेल. भिंत सरकवू नका.

कायद्यालाही हे थोडंफार कळलंय. रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १२ नुसार जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट बघून तुम्ही पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. म्हणून बुकिंगच्या वेळचं ब्रोशर फेकू नका! भाड्याच्या फ्लॅटच्या फोटोंना मात्र हे कलम लागत नाही. तिथे डिपॉझिट तुमचं, डोळेही तुमचेच.

आणि उद्या तुम्हालाच फ्लॅटमेट हवा असला, तर? तेव्हा ०.५ ला हात लावू नका. १ वर ठेवा आणि दारात उभे राहा. फोन छातीच्या उंचीवर, अगदी सरळ धरा. वर-खाली कलला की भिंती एकमेकींवर पडायला येतात. खोली पूर्ण मावत नाही? दोन फोटो काढा, कोण अडवतंय! दिवसा पिवळे बल्ब बंद ठेवा, नाहीतर अर्धी खोली निळी आणि अर्धी कावीळ झाल्यासारखी दिसते. बाल्कनी असेल तर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत टिपा. तेव्हा आभाळ गडद निळं असतं आणि घरातले दिवे उजळ वाटतात. प्रोफेशनल मंडळी याच वेळेची वाट बघत बसतात.

वाळत घातलेले कपडे काढा, पण घर अगदी हॉटेलच्या रूमसारखं करू नका. टेबलावर चहाचा कप असू दे. जमलं तर रूममेटला सोफ्यावर बसवा. तो साडेपाच फुटांचा असला की सोफा केवढा, खोली केवढी, हे बघणाऱ्याला न विचारता कळतं. फक्त त्याला बनियनवर बसवू नका!