आण्याचा चहा खरेच स्वस्त होता काय?



वरणगावच्या स्टँडवर किंवा भुसावळ स्टेशनाबाहेर चहा घेताना वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "आमच्या वेळी आण्या-दोन आण्यात चहा मिळे. आता दहा रुपये!" पोरे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पण हा विषय आपल्या चुलीशी निगडित आहे. म्हणून जरा हिशोब मांडू.

पहिली गोष्ट नाण्यांची. पूर्वी रुपयाचे 16 आणे, म्हणजे 64 पैसे होते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. चार आण्यांचे 25 पैसे बरोबर बसले, पण एका आण्याचे झाले सव्वासहा! सरकारी तक्त्यात एक आणा म्हणजे 6, दोन आणे म्हणजे 12 आणि तीन आणे म्हणजे 19 नवे पैसे धरले गेले. आण्याच्या कपाला 6 पैसे घेतले तर सोळा कपांमागे हॉटेलवाल्याचे 4 पैसे बुडणार आणि 7 घेतले तर गिऱ्हाइकांचे 12 पैसे जादा जाणार. पाऊण पैसा श्रीमंताला टोचत नाही, मोजून खर्च करणाऱ्याला टोचतो. 30 जून 2011 नंतर 25 पैशांचे नाणेही चलनातून गेले. चाराणे आता बोलण्यापुरते उरले.

दुसरी गोष्ट महागाईची. फॅक्टरीतल्या बांधवांना महागाई भत्ता ठाऊक आहेच. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून तो ठरतो. या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष 1960, 1982, 2001 आणि 2016 असे बदलत आले. एकाला दुसरा जोडण्याचे गुणक आहेत 4.93, 4.63 आणि 2.88. तिन्हींचा गुणाकार सुमारे 66 येतो. म्हणजे 1960 साली रुपयात येणाऱ्या जिनसांना 2016 साली 66 रुपये पडले. 2024 अखेरपर्यंत निर्देशांक आणखी 40 टक्क्यांहून अधिक चढला, म्हणजे त्याच जिनसांना नव्वदच्या वर रुपये लागू लागले. या हिशोबाने 1960 चा आण्याचा चहा आजचे सहा रुपये आणि दोन आण्यांचा अकरा-बारा रुपये होतो. मग दहा रुपयांचा चहा फारसा महाग झालाच नाही!

तर मग खिसा रिकामा का? उत्तर मजुरीत आहे. कायम कामगाराचा भत्ता जानेवारी आणि जुलैपासून सुधारून मिळतो. कंत्राटी कामगार, हॉटेलात कपबशा धुणारा पोऱ्या, शेतात निंदणीला जाणारी माय यांची मजुरी कोण वाढवतो? डॉ. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी, हा त्यांचा आग्रह होता. भाव चढले की मजुरी मागे पडते आणि भुर्दंड श्रमिकाला बसतो, हेही त्यांनी चलनाच्या चर्चेत दाखवून दिले.

तिसरी गोष्ट मात्र विसरू नका. त्या स्वस्ताईत आपल्या माणसांना एक वेगळी किंमत मोजावी लागे. कितीतरी हॉटेलांत आपल्यासाठी वेगळा कप असे. बाहेर बसून प्यायचे आणि आपला कप आपणच विसळून ठेवायचा. संविधानाच्या कलम 15 ने हॉटेलचे दार सर्वांना उघडले आणि 1955 च्या अस्पृश्यता कायद्याने अशी मनाई हा गुन्हा ठरवला. अपमानाची ती किंमत कोणत्याच निर्देशांकात धरलेली नाही. म्हणून "जुना काळ बरा" असे म्हणताना आपण तरी दोनदा विचार करावा.

आता करायचे काय? माय-भगिनींनो, घरात एक वही ठेवा. दर जानेवारीत चहा, शेवभाजीची प्लेट, तेल, डाळ आणि गॅसचा भाव लिहा आणि शेजारी घरातली मजुरी लिहा. किमान वेतनातही महागाईनुसार भत्त्याची तरतूद आहे. मागणी करायला जाल तेव्हा तोंडी रडगाणे नको, वही दाखवा. आकड्यापुढे मालकालाही बोलावे लागते.