नकाशाशिवाय गोधडी

गोधडी शिवणाऱ्या एखाद्या जाणत्या बाईला विचारा, "यंदा वेगळं काय करणार?" उत्तर येते, "त्यात वेगळं काय? खाली जुनं लुगडं, वर चौकोन, आणि धावदोरा." हात सराईत असतो, पण त्याच वाटेने फिरत राहतो. नव्या मुलींची अडचण उलटी. मोबाईलवरची नक्षी त्या तशीच्या तशी उतरवायला जातात आणि एक त्रिकोण तिरका गेला की काम पेटीत बंद होते. दोघींनाही आमचे सांगणे एकच: या वेळी नक्षी आधी ठरवू नका. एक नियम ठरवा आणि बाकीचे हातातल्या कापडावर सोपवा.

असे शिवणाऱ्या बायका आपल्या शेजारीच आहेत. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या परिसरातही आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज असलेले सिद्दी राहतात. त्यांच्यात मुस्लिम आहेत, हिंदू आहेत, ख्रिश्चनही आहेत. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला 'कवंदी' म्हणतात. कवंदी मधून सुरू होत नाही. एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे लावत, गोल फिरत त्या मध्यभागी पोहोचतात. तुकडा जोडणे आणि टाके घालणे एकाच वेळी चालते. त्यामुळे मध्यभागी काय उमटेल, हे सुरुवातीला सांगता येत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुले' लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात.

दुसरे उदाहरण फार दूरचे आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर 'जीज बेंड' नावाची वस्ती आहे. मळ्यात गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी थंडी भागवण्यासाठी शेतातल्या फाटक्या विजारी, सदरे, पिठाची पोती यांच्या गोधड्या केल्या. रेषा वाकड्या, पट्टे कमीजास्त रुंदीचे. 2002 मध्ये याच गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. त्यांतली मिसूरी पेटवे या बाईंची गोधडी आम्हाला विशेष वाटते. 1942 मध्ये पती वारल्यावर त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांतून ती शिवली. आठवण राहावी आणि पांघरताही यावे म्हणून. त्या कपड्यांवर उन्हाने विटलेले भाग होते, गुडघ्यापाशी झिजलेले डाग होते. ते त्यांनी लपवले नाहीत.

आता आपल्या घराकडे येऊ. तीन प्रयोग सुचवतो. सुरुवात बाळाच्या दुपट्यापासून करा. साधारण एक मीटर लांब आणि तेवढेच रुंद पुरे.

पहिला प्रयोग: कडेकडून मध्याकडे. जुन्या सुती साडीच्या तीन घड्या जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि मोठे टाके घालून घड्या एकमेकींना पकडून ठेवा. तुकड्याची कड बोटभर आत दुमडून कोपऱ्यापासून धावदोरा घाला. पुढचा तुकडा मागच्यावर थोडा चढवा. तुकडे मोजून कापू नका, मिळतील तसे घ्या.

दुसरा प्रयोग: एकाच माणसाचे कपडे. घरातले कुणी वारल्यावर त्यांचे चांगले कपडे आपण गरजूंना देतो. उरतात ते झिजलेले सदरे, लुंग्या, अम्मीच्या घरात वापरायच्या ओढण्या. ते भांडीवालीला देण्याआधी थांबा. नवे कापड एकही घालायचे नाही, एवढाच नियम. रंग कमी असले की तुकड्यांचा आकार आणि टाक्यांची दिशा यांचा विचार आपोआप सुरू होतो.

तिसरा प्रयोग: दोघींची गोधडी. सासू एका कडेने, सून दुसऱ्या कडेने. मध्ये भेटेपर्यंत एकमेकींना सूचना द्यायची नाही! भेटीच्या जागी दोन्ही बाजूंचे रंग जुळणार नाहीत. ते कसे जोडायचे हे तेव्हा दोघींनी मिळून ठरवायचे. आमच्या मते तिन्हींत हा प्रयोग सर्वांत अवघड आहे.

मोकळेपणा नक्षीत ठेवा, कामाच्या पक्केपणात नको. सुतीबरोबर सुतीच वापरा. ईदच्या शिवणातून उरलेले नवे तुकडे आधी धुऊन घ्या, नाहीतर ते नंतर आटतात आणि गोधडी गोळा होते. गडद रंगाचे कापड वेगळे धुवा. पाण्यात रंग उतरायचा थांबेपर्यंत ते लावू नका. जुने कापड दोन्ही हातांत धरून ओढून पाहा. फाटले तर वरच्या थराला नको, आत घाला. टाक्यांच्या ओळी बोटभर अंतरावर असू द्या, म्हणजे थर सरकणार नाहीत. जरी आणि टिकल्यांचे कापड बाळाच्या दुपट्यात कधीच नको.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या घरांत नानी-दादींच्या हातच्या गोधड्या असतात, पण कुणी कोणती आणि कधी शिवली, हे विचारले तर घर गप्प होते. कपडे कोणते घ्यायचे, घरात रंग कोणता द्यायचा, हे अनेक जणींसाठी दुसऱ्यांनीच ठरवलेले असते. गोधडीत कोणता तुकडा कशाशेजारी बसवायचा, हे मात्र त्या स्वतः ठरवत आल्या. तो निर्णय ज्यांनी घेतला त्यांची नावेच राहिली नाहीत. म्हणून काम पुरे झाले की मागच्या कोपऱ्यात दोऱ्याने आपले नाव आणि साल घाला. घरात जुनी गोधडी असेल आणि शिवणारी हयात असेल, तर आजच तिच्याजवळ बसून विचारा आणि तिचेही नाव घाला.

प्रयोग करून पाहिलात तर मध्यभागी काय उमटले, ते आम्हाला जरूर कळवा.