शब्दविचार : ‘नाइट’ आणि ‘गडी’

इंग्रजी ‘नाइट’ शब्दाचा मूळ अर्थ मुलगा, पुढे चाकर; जर्मन ‘क्नेख्त’ अद्यापि चाकरच राहिला आहे. ग्रीक भाषांतर मात्र ‘हिप्पोतेस्’, म्हणजे घोडेस्वार. त्यातील ‘हिप्पोस्’ हा आमच्या ‘अश्वा’चा सगोत्र. मराठीत यास ‘सरदार’ म्हणणे आम्हांस पसंत नाही. १७६० साली येथे उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले, त्या काळच्या फौजेत स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करी तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसे तो बारगीर. घोडा आणि चाकरी दोन्ही ‘शिलेदारा’त आली. घोडा वगळला तर मात्र आमचा ‘गडी’ हाच नाइटाचा सख्खा भाऊ : घरी पाणी भरतो तोही गडी, आणि रणांगण गाजवितो तोही गडीच! बुद्धिबळाच्या पटावर इंग्रजीतील ‘नाइट’ आमच्याकडे नुसता ‘घोडा’; स्वार कोठे उतरला कोण जाणे.